स्विचचे फर्मवेअर आपोआप बदलते तेव्हा...

सोलापूर : सात रस्ता चौकातील वाहतुकीचे नियमन काही मिनिटे जरी थांबले, तरी स्टेशनकडून, होटगी रस्त्याकडून आणि रंगभवनाकडून आलेली वाहने एकमेकांसमोर अडून राहतात. रस्ते शाबूत असतात, वाहनेही धडधाकट असतात. खंडित झालेली असते ती कोणाला कोणत्या वाटेने सोडायचे हे ठरविणारी व्यवस्था. संगणकांच्या जाळ्यात हे काम ‘नेटवर्क स्विच’ नावाची एक चपटी पेटी करते. बँकेच्या शाखेत, रुग्णालयात, महाविद्यालयात वा सरकारी कार्यालयात, भिंतीवरच्या लहानशा कपाटात, वायरींच्या गुंत्यामागे ती रात्रंदिवस लुकलुकत असते. खिडकीवर उभ्या असलेल्या ग्राहकाला ‘सर्व्हर डाउन आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा काही प्रसंगी सर्व्हर बिचारा सुरूच असतो. कोलमडलेला असतो तो हा स्विच.

या पेटीच्या आतही एक छोटा संगणकच असतो आणि तो चालविणारी आज्ञावली कायमस्वरूपी स्मृतीत साठविलेली असते. तिला ‘फर्मवेअर’ म्हणतात. यंत्राचा कठीण भाग आणि सहज बदलता येणारी आज्ञावली या दोहोंच्या मधली ही गोष्ट, म्हणून १९६७ मध्ये एका संगणकतज्ज्ञाने तिला हे नाव दिले. कोणती वायर कोणत्या विभागाची, कोणत्या संगणकाने कोणाशी बोलायचे, संशयास्पद यंत्राला बाहेर कसे ठेवायचे, हे सारे फर्मवेअरच्या आधारे ठरते. सॉफ्टवेअर म्हटले की त्रुटी आल्याच. त्या उघडकीस आल्या की उत्पादक सुधारित आवृत्ती प्रसिद्ध करतो आणि ती आपल्या स्विचमध्ये घालण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर येऊन पडते. मोबाइल संचावर ‘अपडेट करा’ अशी सूचना झळकते आणि बोट दाबले की काम होते. स्विचला पडदा नसतो आणि तो कोणाला आठवणही करून देत नाही. त्यामुळे बसविल्या दिवसाचे फर्मवेअर सात-आठ वर्षे तसेच राहिल्याचे आढळणे मुळीच दुर्मिळ नाही.

जुनी पद्धत कष्टाची होती. अभियंता लॅपटॉप आणि एक खास वायर घेऊन शाखेत जाई, कपाट उघडून वायर जोडी, फाइल आत पाठवी आणि स्विच पुन्हा सुरू होईपर्यंत तेथेच बसून राही. समजा, एखाद्या सहकारी बँकेच्या सोलापूर जिल्ह्यात ४० शाखा आहेत. जिल्ह्यात ११ तालुके. एक शाखा अक्कलकोटला, दुसरी करमाळ्याला, तिसरी सांगोल्याला. प्रवास धरून दिवसाला दोन शाखा उरकल्या, तरी कामाचे २० दिवस निघून जातात. तोवर पुढची त्रुटी जाहीर झालेली असते. म्हणूनच एका मध्यवर्ती सर्व्हरवर नवी फाइल ठेवायची आणि सर्व स्विचनी ती स्वतःहून उचलून घ्यायची, ही कल्पना पुढे आली. आज ती सर्व प्रमुख उत्पादकांच्या स्विचमध्ये या ना त्या नावाने उपलब्ध आहे.

पेटी उघडली, वीज जोडली...

ही प्रक्रिया कशी चालते, हे नव्या कोऱ्या स्विचच्या उदाहरणाने समजून घेणे सोपे जाते. खोक्यातून काढलेल्या स्विचला स्वतःचा पत्ताही ठाऊक नसतो. वीज मिळताच तो जाळ्यावर एक हाक देतो : ‘मी आलो आहे, मला पत्ता कोण देईल?’ पत्तेवाटपाचे काम करणारा ‘डीएचसीपी’ सर्व्हर त्याला एक क्रमांक देतो. त्याच उत्तरात आणखी दोन गोष्टी सांगण्याची सोय आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमावलीत त्यासाठी ६६ आणि ६७ क्रमांकाचे पर्याय राखून ठेवलेले आहेत. पहिल्यात फाइल ठेवलेल्या सर्व्हरचे नाव असते, दुसऱ्यात फाइलचे. स्विच त्या सर्व्हरकडे जातो, आपली मांडणी सांगणारी फाइल उतरवून घेतो, तिच्यात नमूद केलेली फर्मवेअरची आवृत्ती आपल्याकडील आवृत्तीशी ताडून पाहतो आणि फरक आढळला तर नवी फाइल मागवतो. फाइल पूर्ण आली की ती स्मृतीत लिहिली जाते, ‘पुढच्या वेळी हिच्यावरून सुरू हो’ अशी नोंद होते आणि स्विच स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करतो. शाखेतील कर्मचाऱ्याला फक्त वायर खोचावी लागते. आधीपासून कामावर असलेल्या स्विचसाठीही हाच मार्ग वापरता येतो. फरक इतकाच, की तेथे हाक स्विचची नसते, मध्यवर्ती व्यवस्थापन प्रणाली ठरलेल्या वेळी त्याला ‘अमुक ठिकाणाहून अमुक फाइल घे’ असा आदेश धाडते.

फाइल आणण्यासाठी वर्षानुवर्षे वापरली गेलेली पद्धत म्हणजे ‘टीएफटीपी’. यातील पहिल्या ‘टी’चा अर्थच ‘ट्रिव्हियल’, म्हणजे क्षुल्लक. १९८१ मध्ये तिची नियमावली प्रसिद्ध झाली आणि १९९२ मध्ये ती सुधारण्यात आली. अत्यंत कमी स्मृती असलेल्या यंत्रालाही फाइल आणता यावी, एवढाच तिचा हेतू होता आणि तो तिने उत्तम साधला. मात्र त्या साधेपणाची किंमत आहे. टीएफटीपी मूळ स्वरूपात एका वेळी ५१२ बाइटचा तुकडा पाठवते, पोच मिळेपर्यंत थांबते आणि मगच पुढचा तुकडा सोडते. ३० एमबीच्या फाइलचे असे ६१,४४० तुकडे होतात. दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला प्रत्येक खेपेला २० मिलिसेकंद लागले, तर केवळ या ये-जा करण्यातच २० मिनिटे जातात. तुकड्यांची मोजदादही मूळ नियमानुसार ६५,५३५ पर्यंतच होते, म्हणजे ३२ एमबीच्या पलीकडे गाडी अडते. पुढे मोठे तुकडे पाठविण्याची सोय झाली. परंतु आजच्या काही स्विचचे फर्मवेअर शेकडो एमबीचे असते आणि तेथे ही पद्धत अपुरीच ठरते.

वेळ लागणे ही गैरसोय झाली. खरी उणीव दुसरी आहे. टीएफटीपीमध्ये नाव विचारले जात नाही, परवलीचा शब्द मागितला जात नाही आणि मजकूर गुप्तही ठेवला जात नाही. फाइल मागणारा कोण, हे सर्व्हरला कळत नाही. फाइल देणारा कोण, हे स्विचला कळत नाही. चार भिंतींच्या आतल्या, ओळखीच्या यंत्रांच्या जाळ्यासाठी ती आखली गेली होती. तीच पद्धत इंटरनेटवरून पोहोचता येईल अशा स्विचवर उघडी राहिली तर काय होते, याचे उत्तर २०१८ च्या एप्रिलमध्ये जगाला मिळाले.

एका शुक्रवारची रात्र

स्विचच्या बाजारपेठेतील अग्रणी असलेल्या सिस्को कंपनीने आपल्या अनेक स्विचमध्ये ‘स्मार्ट इन्स्टॉल’ ही सुविधा दिली होती. उद्देश वर वर्णन केला तोच : दूरच्या शाखेत नवा स्विच लावला, की मध्यवर्ती ‘डायरेक्टर’ यंत्राने त्याला फर्मवेअर आणि मांडणीची फाइल पुरवावी. यासाठी स्विच ४७८६ क्रमांकाच्या दारावर आदेशाची वाट पाहत असे. ही सुविधा मुळातच चालू स्थितीत येत असे आणि आदेश देणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय तिच्यात नव्हती. स्विच एकदा बसविल्यावर तिचे काम संपत असे, परंतु दार तसेच उघडे राहत असे. त्या दारातून कोणीही स्विचची मांडणी वाचू शके, ती बदलू शके, इतकेच नव्हे तर दुसरे फर्मवेअरही आणवू शके. या गैरवापराबाबत कंपनीने फेब्रुवारी २०१७ मध्ये सूचना दिली. २८ मार्च २०१८ रोजी याच सुविधेतील आणखी एका गंभीर त्रुटीवर, जिची अधिकृत नोंद ‘सीव्हीई-२०१८-०१७१’ अशी आहे, दुरुस्ती प्रसिद्ध झाली. ५ एप्रिलला कंपनीच्या सुरक्षा संशोधन विभागाने पुन्हा इशारा देताना सांगितले, की इंटरनेटवरून पोहोचता येतील अशी १ लाख ६८ हजार यंत्रे या सुविधेमुळे धोक्यात असू शकतात.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवार ६ एप्रिल रोजी हल्ला झाला. स्विचची मांडणी पुसली गेली आणि यंत्रे पुन्हा सुरू करण्यात आली. मांडणी नसलेला स्विच म्हणजे आपण कोण, कोठे आणि कशासाठी आहोत हे विसरलेला स्विच. मागे उरले ते अक्षरांच्या नक्षीने काढलेले अमेरिकेचे निशाण आणि ‘आमच्या निवडणुकांत लुडबूड करू नका’ अशा आशयाचे इंग्रजी वाक्य. रशिया आणि इराणमधील जाळ्यांना याचा विशेष फटका बसला. इराणच्या दूरसंचार मंत्रालयाने जगभरात सुमारे २ लाख यंत्रे बाधित झाल्याचे आणि त्यांपैकी ३,५०० इराणमधील असल्याचे तेव्हा सांगितले.

या घटनेत एक बारकावा आहे आणि तो अनेकदा नजरेआड होतो. हल्लेखोरांना बनावट फर्मवेअर लिहिण्याचा खटाटोप करावाच लागला नाही. फर्मवेअर अस्सल राहिले. त्याला दिलेल्या सूचना पुसल्या की काम भागले. म्हणजेच, ‘आमचा स्विच उत्पादकाची स्वाक्षरी असल्याशिवाय फर्मवेअर स्वीकारत नाही’ हे विक्रेत्याचे आश्वासन खरे असले, तरी पुरेसे नाही.

ही कथा २०१८ मध्ये संपली असती तर ती इतिहासजमा म्हणून सोडून देता आली असती. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या ‘एफबीआय’ने आणि सिस्कोच्या संशोधकांनी जाहीर केले, की रशियाच्या ‘एफएसबी’ या गुप्तचर यंत्रणेशी संबंधित एक गट याच सात वर्षांपूर्वीच्या त्रुटीचा फायदा घेऊन जाळ्यांत शिरत आहे. आता निशाणे काढली जात नव्हती. हजारो यंत्रांच्या मांडणीच्या फाइली गुपचूप उचलल्या जात होत्या. दुरुस्ती सात वर्षांपूर्वीपासून उपलब्ध होती; ती न घातलेली आणि उत्पादकाने ज्यांचा पाठिंबा थांबविला आहे अशी जुनी यंत्रे हे त्यांचे लक्ष्य होते.

येथे प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकत्र येतात. स्वयंचलित सुधारणेचे दार निष्काळजीपणे उघडे ठेवले म्हणून २०१८ मध्ये यंत्रे कोलमडली आणि सुधारणा केलीच नाही म्हणून २०२५ मध्येही ती लुटली जात होती. म्हणून आपोआप होणारी सुधारणा बंद करून टाकणे, हा काही उपाय नव्हे. ४० शाखांची बँक हाताने सुधारणा करू म्हणेल, तर ती बहुधा करणारच नाही. प्रश्न आहे तो स्विच कोणाचे ऐकतो हा.

मोहोर कोणाची?

फाइल खरी आहे हे ओळखण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिला ‘हॅश’ म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला ठसा. ‘शा-५१२’ या पद्धतीने काढलेला ठसा १२८ अक्षरांचा असतो. फाइलमधील एक अक्षर जरी बदलले तरी तो पार बदलून जातो. वाटेत फाइल तुटली किंवा बिघडली असेल तर ते यावरून तत्काळ कळते. मात्र ठसाही त्याच सर्व्हरवर ठेवलेला असेल, तर सर्व्हर ताब्यात घेणारा फाइलही बदलेल आणि ठसाही. म्हणून ठसा उत्पादकाच्या संकेतस्थळावरून स्वतंत्रपणे घेऊन ताडून पाहावा लागतो. दुसरा मार्ग डिजिटल स्वाक्षरीचा. उत्पादक आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने फाइलवर मोहोर उठवतो आणि ती तपासण्याची उघड किल्ली कारखान्यातच स्विचमध्ये बसविलेली असते. ही मोहोर बनावट करणे जवळजवळ अशक्य असते. तरीही एक फट राहते : त्रुटी असलेले जुने फर्मवेअरही एके काळी अस्सल मोहोर लावूनच बाहेर पडलेले असते. स्विचला मागच्या आवृत्तीकडे परत जाण्यास मनाई नसेल, तर हल्लेखोर त्याला खुशाल मागे नेऊ शकतो.

यावरचे उपाय तंत्रज्ञांना नवीन नाहीत. टीएफटीपीऐवजी ‘एसएफटीपी’, ‘एससीपी’ किंवा ‘एचटीटीपीएस’ वापरले तर दोन्ही बाजूंची ओळख पटविता येते आणि मजकूर वाटेत वाचता येत नाही. व्यवस्थापनाची वाहतूक कार्यालयाच्या नेहमीच्या वाहतुकीपासून वेगळ्या आभासी जाळ्यात ठेवली, तर लिपिकाच्या संगणकात शिरलेला विषाणू स्विचच्या दारापर्यंत पोहोचत नाही. पत्तेवाटपाबाबतही दक्षता हवी. एखाद्या कर्मचाऱ्याने वाय-फायसाठी घरचा राउटर आणून कार्यालयाच्या जाळ्यात उलटासुलटा जोडला, तर तोही पत्ते वाटू लागतो. नव्या स्विचने आधी त्याचेच ऐकले तर त्याला फाइल मिळत नाही आणि तो दिवसभर नुसता लुकलुकत बसतो. हेच कोणी हेतुपूर्वक केले तर भलतीच फाइल मिळते. असे आगंतुक पत्तेवाटप रोखण्याची सोय बहुतेक व्यावसायिक स्विचमध्ये असते. ती चालू केलेली असते का, हा वेगळा विषय.

मध्यरात्रीची दहा मिनिटे

उरते ती वीज. स्मृतीत नवे फर्मवेअर लिहिले जात असतानाच पुरवठा खंडित झाला, तर अर्धवट लिहिलेला स्विच सुरूच होत नाही आणि मग पुन्हा लॅपटॉप व वायर घेऊन कोणाला तरी धाडावे लागते. भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. चांगल्या स्विचमध्ये म्हणूनच दोन प्रतींची जागा असते : जुनी प्रत तशीच ठेवून नवी शेजारी लिहिली जाते आणि नवी नीट सुरू झाली नाही तर जुनीवर परतता येते. स्वस्त स्विचमध्ये एकच जागा असते. खरेदीच्या निविदेत हा मुद्दा क्वचितच डोकावतो, कारण किती संगणक जोडता येतील हा आकडा लिहायला सोपा असतो. शाखेतील यूपीएसच्या बॅटऱ्या सुधारणेपूर्वी तपासणे, ही त्याहूनही साधी आणि त्याहूनही विसरली जाणारी गोष्ट.

स्विच पुन्हा सुरू होताना पाच ते दहा मिनिटे जातात. संगणक नंतर जोडले जातील, पण काही कॅमेरे, टेलिफोन संच आणि वाय-फायची यंत्रे यांना वीजही त्याच वायरमधून, म्हणजे स्विचकडूनच मिळते. तेवढा वेळ ती अंध आणि मुकी होतात. रुग्णालयात किंवा चौकातील कॅमेऱ्यांच्या जाळ्यात हे काम रात्री दोनला करायचे, तरी आधी कळवूनच करावे लागते. सर्व स्विच एकदम बदलणे तर अविचारच. आधी एक, मग पाच, दोन दिवस निरीक्षण आणि नंतर उरलेले, हा अनुभवी मंडळींचा क्रम. पंढरपूरच्या शाखेचा स्विच आषाढीच्या आठवड्यात आणि कोणत्याही शाखेचा ३१ मार्चच्या आसपास बदलू नये, हे मात्र कोणत्याही उत्पादकाच्या पुस्तिकेत छापलेले नसते.

नियमांचे सांगायचे, तर रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी तिला बँकेच्या व्यवहारांच्या स्वरूपानुसार पायऱ्या जोडल्या. जाळ्यातील यंत्रांची मांडणी सुरक्षित आहे का याची वेळोवेळी तपासणी, मूळ परवलीचे शब्द बदलणे आणि दुरुस्त्या घालणे या बाबी त्यात आहेत. त्याआधी दोनच महिने, ११ ते १३ ऑगस्ट २०१८ दरम्यान, पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम लुटली गेली होती. त्या प्रकरणातही ‘स्विच’ हा शब्द गाजला. परंतु तो एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारा संगणकीय ‘स्विच’, कपाटातली ही पेटी नव्हे. नावाच्या सारखेपणामुळे बैठकांत होणारा घोळ टाळलेला बरा. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. स्विचच्या नोंदी स्विचमध्येच राहिल्या, तर तो पुन्हा सुरू होताच त्या बहुधा नाहीशा होतात; त्या वेगळ्या सर्व्हरवर साठवाव्या लागतात.

सोलापूरची निवड जानेवारी २०१६ मध्ये ‘स्मार्ट सिटी’च्या पहिल्या २० शहरांत झाली. तेव्हापासून कॅमेरे, फलक, संवेदक असे शब्द नागरिकांच्या परिचयाचे झाले. या प्रत्येकाच्या पाठीमागे एक स्विच असतो आणि त्याची देखभाल बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराकडे असते. लहान संस्थांमध्ये तर फर्मवेअर ठेवलेला ‘सर्व्हर’ म्हणजे त्या कंत्राटदाराच्या माणसाचा लॅपटॉपच असतो. तो माणूस नोकरी सोडून गेला की फाइलीही जातात आणि कोणत्या स्विचवर कोणती आवृत्ती आहे ही माहितीही. वार्षिक देखभालीच्या करारावर सही करणाऱ्या व्यवस्थापकाला फर्मवेअरचे तंत्र कळण्याची गरज नाही. स्विचची यादी आवृत्तीसह आहे का, त्यांपैकी किती यंत्रांचा उत्पादकीय पाठिंबा संपला आहे, फाइल कोणत्या यंत्रावरून आणि कोणत्या पद्धतीने येते, मांडणीची प्रत शेवटची केव्हा घेतली, एवढे त्याने लेखी मागावे. आणि सिस्कोचे जुने स्विच असतील तर ४७८६ क्रमांकाचे दार बंद केले आहे का, हेही विचारावे. ते ‘नो व्हीस्टॅक’ या एका आदेशाने बंद होते आणि त्यासाठी स्विच पुन्हा सुरूही करावा लागत नाही.